मोठे डिडक्टिबल आणि त्याच्या सोबतचे खाते

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या कुटुंबांपुढे दर वर्षी, बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एक निवड येऊन उभी राहते. कंपनीच्या ओपन एन्रोलमेंटची, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा निवडण्याची, मुदत सुरू होते, दोन-तीन आरोग्य विमा योजना शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात आणि त्यांतल्या एकीचा पगारातून कापला जाणारा हप्ता इतरांपेक्षा बराच कमी असतो. तिचे डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी आपला वाटा देऊ लागण्यापूर्वी आपण स्वतः भरायची रक्कम, मात्र मोठे असते आणि तिच्यासोबत एचएसए, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट हे वैद्यकीय खर्चासाठीचे करमुक्त बचतखाते, उघडण्याची मुभा असते. या सुमारास नव्याने आलेली अनेक मराठी मंडळी मला विचारतात की ही योजना घ्यावी का. त्यांच्याशी बोलताना असे जाणवते की काही जण हप्ता कमी म्हणून योजना घेतात आणि खाते रिकामे ठेवतात, तर काही जण डिडक्टिबलचा आकडा पाहूनच घाबरतात आणि खात्याचा विचारही करत नाहीत. मोठे डिडक्टिबल आणि हे खाते कायद्यानेच एकमेकांना बांधलेले आहेत, त्यामुळे दोन्हींचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय कोणतेही उत्तर देता येत नाही.

प्रथम डिडक्टिबल. भारतातल्या मेडिक्लेमची सवय असलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण त्या विम्यात वरची मर्यादा ठरलेली असते. तिच्यापर्यंतचा खर्च विमा कंपनी देते आणि त्यापुढचा आपल्याला करावा लागतो. अमेरिकेतल्या विम्याची रचना याच्या उलट आहे. वर्षाच्या सुरुवातीचा खर्च आपला असतो. डिडक्टिबलइतकी रक्कम आपण भरली की पुढच्या खर्चातला ठरावीक वाटा, अनेक योजनांत वीस टक्के, आपला आणि उरलेला विमा कंपनीचा. आणि आपण भरलेली एकूण रक्कम ‘आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम’ या मर्यादेला पोहोचली की त्या वर्षातला नेटवर्कमधला, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांकडचा, योजनेत बसणारा पुढचा सगळा खर्च विमा कंपनीचा. योजना निवडताना लोक हप्ता पाहतात, डिडक्टिबल पाहतात आणि ही शेवटची मर्यादा नजरेआड करतात. माझ्या मते ती सर्वांत आधी पाहावी, कारण मोठे आजारपण आले तर घराला नेमकी किती झळ बसेल हे तोच आकडा सांगतो.

डिडक्टिबल पूर्ण होईपर्यंत विमा काहीच कामाचा नसतो, हा समजही चुकीचा आहे. समजा, एमआरआय चाचणीचे बिल २,४०० डॉलरचे आले आणि त्या केंद्राशी विमा कंपनीने ठरवलेला दर ९०० डॉलर असला, तर नेटवर्कमधल्या केंद्रात आपल्याला ९०० डॉलरच भरावे लागतात आणि तेवढेच डिडक्टिबलमध्ये मोजले जातात. म्हणूनच दवाखान्याने काउंटरवर सांगितलेली रक्कम लगेच भरण्यापेक्षा विमा कंपनीकडून येणाऱ्या ईओबी (एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स) या हिशेबाच्या पत्रकाची वाट पाहावी आणि त्यातला ‘आपण देणे असलेला’ आकडा बिलाशी जुळतो की नाही हे तपासूनच पैसे द्यावेत. याखेरीज वार्षिक तपासणी, लसीकरण आणि वयोमानानुसार सुचवलेल्या मॅमोग्रामसारख्या प्रतिबंधक चाचण्या नेटवर्कमध्ये केल्यास डिडक्टिबल लागू न होता पूर्णपणे योजनेतून होतात. अर्थात, त्याच भेटीत एखाद्या जुन्या दुखण्याची वेगळी तपासणी झाली, तर तेवढ्या भागाचे वेगळे बिल येऊ शकते.

कुटुंबाच्या योजनेत एक बारकावा आहे आणि तो कागदपत्रांत खोलवर दडलेला असतो. काही योजनांत घरातल्या प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळे आणि कुटुंबासाठी एकत्र अशी दोन डिडक्टिबल असतात. काहींत मात्र संपूर्ण कुटुंबाचे मिळून एकच असते. दुसऱ्या प्रकारात घरातली एकच व्यक्ती आजारी पडली तरी कुटुंबाची सगळी रक्कम भरून होईपर्यंत विमा कंपनीचा वाटा सुरू होत नाही. दोन योजनांचे कौटुंबिक डिडक्टिबल कागदावर सारखे दिसले, तरी एका माणसाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्यात हजारो डॉलरचा फरक पडू शकतो, तो यामुळे.

आता कायद्याच्या भाषेत मोठे डिडक्टिबल म्हणजे किती? अमेरिकेचा कर विभाग, म्हणजे आयआरएस, दर वर्षी महागाईनुसार हे आकडे बदलतो. २०२६ सालासाठी एकट्या व्यक्तीच्या योजनेचे डिडक्टिबल किमान १,७०० डॉलर आणि कुटुंबाच्या योजनेचे किमान ३,४०० डॉलर असावे लागते, आणि वर सांगितलेली खर्चाची कमाल मर्यादा अनुक्रमे ८,५०० आणि १७,००० डॉलरच्या पुढे जाता कामा नये. पण डिडक्टिबल मोठे आहे एवढ्यावर योजना पात्र ठरत नाही. डॉक्टरांच्या साध्या भेटीला डिडक्टिबलच्या आधीच तीस डॉलर को-पे (दर भेटीची ठरावीक रक्कम) घेऊन बाकीचे पैसे देणारी योजना कितीही मोठ्या डिडक्टिबलची असली, तरी तिच्यासोबत एचएसएमध्ये पैसे भरता येत नाहीत. प्रतिबंधक उपचार हा याला मुख्य अपवाद आहे, आणि त्याची व्याप्ती अलीकडे वाढली आहे. २०१९ साली आयआरएसने काही जुनाट आजारांची औषधे व चाचण्या, म्हणजे मधुमेहाची एचबीए१सी चाचणी, कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन, दम्याचे इनहेलर, घरचे रक्तदाबमापक यांसारख्या गोष्टी, डिडक्टिबलच्या आधी देण्याची परवानगी योजनांना दिली, आणि २०२२ च्या कायद्याने इन्सुलिनला असेच स्थान दिले. ही परवानगी आहे, सक्ती नाही. आपल्या समाजात मधुमेह आणि रक्तदाब किती घरांत आहेत हे लक्षात घेता, आपल्या योजनेने या यादीतले काय स्वीकारले आहे हे निवड करण्यापूर्वी विचारून घेणे फार गरजेचे वाटते. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने आणखी काही बदल केले : दूरध्वनीवरून वा व्हिडिओवरून घेतलेला सल्ला डिडक्टिबलच्या आधी दिला तरी योजनेची पात्रता कायम राहते, आणि २०२६ पासून सरकारी विमा बाजारातल्या ब्राँझ आणि कॅटॅस्ट्रॉफिक या कमी हप्त्याच्या, मोठ्या खर्चवाट्याच्या योजना एचएसएसाठी पात्र धरल्या जातात. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांसाठी हा शेवटचा बदल महत्त्वाचा आहे.

आता खात्याकडे वळू. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी डिसेंबर २००३ मध्ये स्वाक्षरी केलेल्या मेडिकेअरविषयक (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याविषयीच्या) कायद्यातून ही खाती जन्माला आली आणि १ जानेवारी २००४ पासून ती उघडता येऊ लागली. लोकांनी नेहमीचा लहान खर्च स्वतः करावा, त्यासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवावेत आणि विमा मोठ्या संकटासाठी राखावा, असा त्यामागचा विचार होता. खात्यात वर्षाला किती भरता येते यालाही मर्यादा आहे : २०२६ साली एकट्याच्या योजनेला ४,४०० डॉलर, कुटुंबाच्या योजनेला ८,७५० डॉलर, आणि वयाची ५५ वर्षे पूर्ण झालेल्यांना त्यावर आणखी १,००० डॉलर. नोकरीच्या कंपनीने दिलेले पैसेही याच मर्यादेत धरले जातात. पती आणि पत्नी दोघांच्या कंपन्यांत वेगवेगळी खाती असतील, तर कुटुंबाची मर्यादा दोघांत मिळून एकच असते. हे खाते संयुक्त नावाने उघडता येत नाही, पण दोघांचीही मर्यादा स्वतंत्र नसते. ती ओलांडली आणि जादा रक्कम कर भरण्याच्या मुदतीपर्यंत काढून घेतली नाही, तर तिच्यावर दर वर्षी सहा टक्के दंड बसत राहतो.

या खात्याला मिळणारी करसवलत तीन टप्प्यांत मिळते, आणि अमेरिकेच्या करव्यवस्थेत असे उदाहरण दुर्मीळ आहे. पैसे भरताना त्यांवर फेडरल आयकर लागत नाही, खात्यातल्या व्याजावर आणि गुंतवणुकीच्या वाढीवर कर लागत नाही, आणि वैद्यकीय खर्चासाठी काढताना तर मुळीच लागत नाही. पैसे पगारातूनच कापून भरले, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी कापले जाणारे ७.६५ टक्केही वाचतात. स्वतःच्या बँकेतून भरले तर आयकराची वजावट मिळते, हे ७.६५ टक्के मात्र मिळत नाहीत. म्हणून शक्य असेल तिथे पगारातूनच भरावे. समजा, एका कुटुंबाला कंपनीकडून १,५०० डॉलर मिळतात आणि उरलेले ७,२५० डॉलर ते पगारातून भरतात. त्यांचा आयकराचा टप्पा २२ टक्क्यांचा असेल, तर त्यांचे वर्षाला सुमारे २,१५० डॉलर वाचतात. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी या दोन राज्यांचा राज्यकर मात्र ही सवलत मानत नाही. मराठी माणसांची मोठी वस्ती नेमकी याच दोन राज्यांत असल्यामुळे हे आवर्जून लिहीत आहे : तिथे फेडरल सवलत पूर्ण मिळते, पण राज्याच्या विवरणपत्रात खात्यातली भरणा आणि वाढ दोन्ही उत्पन्नात धरावी लागतात.

एफएसए, म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, या दुसऱ्या खात्याशी एचएसएची गल्लत फार होते. एफएसए कंपनीच्या मालकीच्या व्यवस्थेत असते, वर्षअखेरीस त्यातले पैसे बहुतांशी वापरावे लागतात नाहीतर जातात, आणि नोकरी सुटली की ते बहुधा संपते. एचएसए आपल्या नावाचे असते. नोकरी बदलली, विमा बदलला, अगदी देश सोडून परत गेलो, तरी त्यातले पैसे आपलेच राहतात आणि वैद्यकीय खर्चासाठी वापरता येतात. फक्त नवे पैसे भरण्यासाठी त्या त्या महिन्यात पात्र योजनेचा विमा आपल्याला लागू असावा लागतो. आणि इथे एक अडचण लपलेली आहे : पती किंवा पत्नीच्या कंपनीत सर्वसाधारण एफएसए घेतलेली असेल, तर तिचे पैसे जोडीदाराच्या उपचारांसाठीही वापरता येत असल्याने जोडीदाराची एचएसएची पात्रता जाते. दोघांची ओपन एन्रोलमेंट वेगवेगळ्या महिन्यांत असते आणि कोणी कोणाला विचारत नाही, अशा घरांत हे सहज घडते. केवळ दात आणि डोळे यांच्यासाठी असलेली मर्यादित एफएसए मात्र एचएसएसोबत चालते.

पैसे कोणावर खर्च करता येतात? स्वतःवर, पती वा पत्नीवर आणि कराच्या दृष्टीने अवलंबून असलेल्यांवर. ही माणसे आपल्याच विमा योजनेत असलीच पाहिजेत असे नाही. सव्वीस वर्षांपर्यंत मुलगा किंवा मुलगी आपल्या विम्यात राहू शकते, पण ती कराच्या दृष्टीने अवलंबून नसेल तर तिचा खर्च आपल्या एचएसएतून करता येत नाही. ती स्वतःचे खाते उघडून त्यात स्वतंत्रपणे कुटुंबाच्या मर्यादेपर्यंत भरू शकते, ही चांगली सोय थोड्यांनाच ठाऊक असते. भारतात राहणाऱ्या आई-वडिलांच्या उपचारांचा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर देताना वाईट वाटते. आपण त्यांचा सगळा खर्च उचलत असलो, तरी ते अमेरिकेचे नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी नसतील, तर कायदा त्यांना अवलंबून मानत नाही, आणि त्यांच्या शस्त्रक्रियेसाठी या खात्यातले पैसे काढले तर आयकर आणि शिवाय काढलेल्या रकमेच्या वीस टक्के दंड भरावा लागतो. आपण स्वतः सुट्टीत भारतात गेलो असताना दातांचे किंवा डोळ्यांचे उपचार घेतले, तर तो खर्च मात्र चालतो. उपचार वैद्यकीय आणि कायदेशीर असावेत, औषधे तिथेच घेऊन तिथेच वापरलेली असावीत, आणि पावतीवर रुग्णाचे नाव, तारीख, उपचार आणि रक्कम स्पष्ट असावी.

विम्याचे नेहमीचे हप्ते या खात्यातून भरता येत नाहीत. पण नोकरी गेल्यावर कोब्रा कायद्याखाली आधीचाच विमा चालू ठेवला तर त्याचे हप्ते भरता येतात, आणि बेकारी भत्ता मिळत असताना इतर आरोग्य विम्याचेही. कोब्राचे हप्ते किती जड असतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या तरतुदीचे मोल सांगायला नको. व्हिसावर असलेल्या कुटुंबांना नोकरी सुटल्यावर नवी शोधायला मोजकेच दिवस मिळतात. त्या काळात विमा तुटू न देण्यासाठी साठवलेले हे पैसे हाताशी असणे, हे मला या खात्याच्या बाजूचे एक मोठे कारण वाटते.

आता मुख्य हिशेब. उदाहरणासाठी दोन योजना धरू. पहिलीचा कुटुंबासाठीचा हप्ता महिन्याला ५२० डॉलर, म्हणजे वर्षाला ६,२४०. डिडक्टिबल १,००० आणि कमाल खर्च ६,०००. दुसरी मोठ्या डिडक्टिबलची : हप्ता महिन्याला २६०, म्हणजे वर्षाला ३,१२०, डिडक्टिबल ४,०००, कमाल खर्च ८,०००, आणि कंपनी एचएसएमध्ये १,५०० डॉलर टाकते. दोन्हींत डिडक्टिबलनंतर आपला वाटा वीस टक्के. सोपेपणासाठी को-पे आणि करबचत सध्या बाजूला ठेवू. वर्षभरात १,००० डॉलरचेच उपचार झाले तर पहिलीचा एकूण भार ७,२४० आणि दुसरीचा २,६२०. ६,००० डॉलरचे उपचार झाले तर पहिलीत ८,२४०, दुसरीत ६,०२०. आणि कमाल मर्यादेपर्यंत जाणारे मोठे आजारपण आले तरी पहिलीत १२,२४० आणि दुसरीत ९,६२०. म्हणजे इथे डिडक्टिबलचा आकडा चौपट असूनही दुसरी योजना तिन्ही परिस्थितींत स्वस्त पडते, कारण हप्त्यात वाचणारी रक्कम निश्चित असते आणि डिडक्टिबल ही केवळ शक्यता असते.

पण हाच हिशेब वेगळ्या कंपनीत उलटतो. दुसऱ्या योजनेचा हप्ता ४३० डॉलर असेल आणि कंपनी खात्यात काहीच टाकत नसेल, तर निरोगी वर्षात तिचा भार ६,१६० येतो, म्हणजे ती अजूनही स्वस्त. ६,००० डॉलरच्या उपचारांना मात्र ९,५६०, आणि मोठ्या आजारपणात १३,१६०. मग घरात बाळंतपण ठरलेले असेल, कोणाला नियमित महागडे औषध लागत असेल किंवा शस्त्रक्रिया पुढे दिसत असेल, तर पहिली योजना बरी. आणि खात्यात पुरेशी रक्कम भरून मिळणारी करबचत हा फरक कितपत भरून काढते, हे प्रत्येकाने आपल्या कराच्या टप्प्यानुसार पाहावे. म्हणून ‘तरुणांनी ही योजना घ्यावी, आजारी माणसांनी घेऊ नये’ हे सरसकट दिले जाणारे उत्तर मला पटत नाही. पहिल्या उदाहरणात सर्वांत आजारी कुटुंबालाही मोठे डिडक्टिबल फायद्याचे ठरले. दुसऱ्यात निरोगी कुटुंबाचाही फायदा मर्यादितच राहिला.

वर्षाचा हिशेब जमला तरी जानेवारीचा प्रश्न उरतो. बहुतेक योजनांचे डिडक्टिबल १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि एफएसएप्रमाणे वर्षाची सगळी रक्कम पहिल्या दिवशी उपलब्ध होते तसे एचएसएमध्ये होत नाही. जितके जमा झाले तितकेच वापरता येते. फेब्रुवारीत अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, तर खात्यात दोन-चार पगारांची कपात आणि समोर काही हजारांचे बिल, अशी स्थिती येते. खाते उघडल्यानंतरच्या तारखेचा खर्च असेल, तर तो आधी बँकेतून भरून पुढे खात्यात पैसे जमतील तसे स्वतःला परत देता येतात, आणि अनेक रुग्णालये बिनव्याजी हप्ते बांधून देतात. तरीही पहिल्या वर्षी ही योजना घेणाऱ्याने डिडक्टिबलइतकी रक्कम बँकेत वेगळी ठेवलेली असावी, असे माझे ठाम मत आहे. ती ठेवणे शक्य नसेल, तर हप्ता थोडा जास्त देऊन लहान डिडक्टिबल घेण्यात काहीही कमीपणा नाही. खाते उघडण्यापूर्वीच्या तारखेचा खर्च त्यातून कधीच भरता येत नाही, म्हणून योजना सुरू होताच थोडेसे पैसे घालून का होईना, खाते उघडून टाकावे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे अंगावर काढलेले दुखणे. १९७० च्या दशकात रँड या संशोधन संस्थेने कुटुंबांना वेगवेगळ्या खर्चवाट्याचे विमे देऊन एक मोठा प्रयोग सुरू केला होता. ज्यांना स्वतःच्या खिशातून जास्त द्यावे लागले त्यांनी उपचार कमी घेतले, पण कमी करताना गरजेचे आणि बिनगरजेचे असा भेद त्यांना करता आला नाही. सर्वसाधारण माणसांच्या प्रकृतीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, मात्र गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांचा रक्तदाब कमी आटोक्यात राहिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका मोठ्या कंपनीतले चांगल्या पगाराचे कर्मचारी मोठ्या डिडक्टिबलच्या योजनेत गेल्यावर त्यांचा खर्च घटला तो स्वस्त केंद्र शोधल्यामुळे नव्हे, उपचार कमी घेतल्यामुळे, असे आढळले. या योजनेची आर्थिक बाजू मी इतकी मांडली असली, तरी या बाबतीत मला खरोखर काळजी वाटते. आपल्याकडे काटकसर हा गुण मानला जातो आणि ‘बघू, दोन दिवसांत बरे वाटेल’ म्हणण्याची सवय घराघरांत आहे. छातीतली कळ, मुलाचा न उतरणारा ताप, स्तनातली गाठ, यांपुढे डिडक्टिबल किती भरून झाले हा विचार डोक्यात येता कामा नये. खात्यातले पैसे कपात झाल्यापासून उपचारांसाठीच वेगळे काढलेले आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः स्वतः न कमावणाऱ्या जोडीदाराला आणि आजी-आजोबांना, स्पष्टपणे सांगून ठेवावे आणि खात्याचे कार्ड त्यांच्याही हाती द्यावे.

ज्यांची परिस्थिती चांगली आहे ते दवाखान्याचा खर्च खिशातून करतात, एचएसएमधले पैसे इंडेक्स फंडात गुंतवतात आणि पावत्या जपून ठेवतात, कारण स्वतःला पैसे परत देण्यासाठी कायद्याने मुदत घातलेली नाही. आजच्या पावतीचे पैसे वीस वर्षांनीही करमुक्त काढता येतात. हा मार्ग कायदेशीर आहे आणि दीर्घकाळात फायद्याचाही आहे. पण तो सल्ला सर्वांना सारखाच दिला जातो हे मला योग्य वाटत नाही. क्रेडिट कार्डावर शिल्लक असताना, किंवा घरात आपत्कालीन निधी नसताना, एचएसएला हात लावायचा नाही म्हणून बिल अडवून ठेवणे चुकीचे आहे. गुंतवणूक करायचीच तर निदान एका वर्षाच्या डिडक्टिबलइतकी रक्कम रोख ठेवून त्यापुढची गुंतवावी, आणि खाते सांभाळणाऱ्या संस्थेचे मासिक शुल्क तपासावे. कंपनीने निवडलेली संस्था महाग वाटली तर पैसे दुसरीकडे हलवता येतात. पावत्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण छापील अक्षरे काही वर्षांत पुसट होतात आणि आयआरएसने विचारल्यास पुरावा देण्याची जबाबदारी आपली असते.

वयाच्या ६५ व्या वर्षानंतर वीस टक्क्यांचा दंड उरत नाही. वैद्यकीय खर्चाला पैसे करमुक्त मिळत राहतात, मेडिकेअरचे हप्तेही त्यातून भरता येतात, आणि इतर कारणासाठी काढले तर फक्त आयकर लागतो. मात्र मेडिकेअरमध्ये नाव नोंदले की नवे पैसे भरता येत नाहीत. आणि ६५ नंतरही नोकरी करत राहिलेल्यांनी उशिरा नोंदणी केली, तर मेडिकेअरचा पहिला भाग (पार्ट ए, म्हणजे रुग्णालयाचा विमा) सहा महिने मागच्या तारखेपासून लागू होऊ शकतो. म्हणून अशांनी अर्ज करण्याच्या सहा महिने आधीच भरणा थांबवावा. खात्याला वारस म्हणून जोडीदाराचे नाव असेल तर खाते तसेच त्याच्या नावे होते. मुलाचे किंवा इतर कोणाचे असेल तर ती सगळी रक्कम त्या वर्षी वारसाच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. खाते उघडताना हा रकाना अनेक जण मोकळा सोडतात.

वर्षाच्या मध्ये नोकरी सुरू करणाऱ्यांनी भरण्याची मर्यादा महिन्यांच्या प्रमाणात धरणे सुरक्षित. १ डिसेंबरला पात्र असल्यास पूर्ण वर्षाची रक्कम भरता येते, पण मग पुढचे संपूर्ण वर्ष पात्र राहावे लागते, आणि नोकरीची खात्री नसेल तर ही जोखीम घेऊ नये. विवरणपत्रासोबत फॉर्म ८८८९ जोडावा लागतो. करविषयक सॉफ्टवेअर तो भरून देते, फक्त कंपनीने टाकलेली रक्कम आपण स्वतः भरली असे चुकून नोंदवू नये.

ओपन एन्रोलमेंट संपण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाला विचारायचे ते असे : कंपनी खात्यात किती टाकते, आणि ते जानेवारीत एकदम की दर पगाराला, कुटुंबाचे डिडक्टिबल एकत्र आहे की प्रत्येकाचे वेगळे, आणि जुनाट आजारांची कोणती औषधे डिडक्टिबलच्या आधी मिळतात. विमा योजना एकदा निवडली की लग्न, बाळाचा जन्म किंवा जोडीदाराची नोकरी सुटणे अशा कारणाखेरीज वर्षभर बदलता येत नाही. खात्यातली कपात मात्र वर्षात केव्हाही वाढवता किंवा कमी करता येते, आणि २०२६ सालासाठीची रक्कम १५ एप्रिल २०२७ पर्यंत थेट बँकेतूनही भरता येईल, त्यामुळे सुरुवातीला जमेल तेवढ्याच आकड्याने सुरुवात केली तरी चालते.